माशाला जीपीएस का लावत नाहीत? ध्वनी-टॅग समुद्राखालचा प्रवास कसा सांगतात

जानेवारी २०२२ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावरून ‘प्रथमा’ नावाची ऑलिव्ह रिडले कासवीण पाठीवर सॅटेलाइट टॅग घेऊन समुद्रात उतरली. ती आता कुठे आहे, याच्या बातम्या आणि नकाशे पुढे अनेकांनी मोबाइलवर पाहिले, शेअर केले. मग असाच टॅग सुरमईला किंवा पापलेटला का लावत नाहीत?

कासवाला फुप्फुसं असतात. श्वास घ्यायला ते ठराविक वेळाने पाण्याच्या वर येतं आणि तेवढ्या वेळात टॅग उपग्रहाला सिग्नल पाठवून मोकळा होतो. मासा कल्ल्यांनी श्वास घेतो, त्याला वर येण्याची गरजच नाही. खाऱ्या पाण्यात रेडिओ लहरी काही अंतरातच विरून जातात. जीपीएस, मोबाइल, सॅटेलाइट हे सगळं रेडिओ लहरींवर चालतं, त्यामुळे पाण्याखाली गेलं की यातलं काहीच उपयोगाचं नाही. पाठीवरचा पर पाण्याबाहेर काढत फिरणारे काही शार्क याला अपवाद आहेत. काही महिन्यांनी आपोआप सुटून वर तरंगणारे टॅगही मिळतात, पण ते महाग असतात आणि लहान माशाला पेलत नाहीत.

पाण्यात लांब जातो तो आवाज. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो, समुद्राच्या पाण्यात तो साधारण १५०० मीटर असतो. देवमासे याच गोष्टीचा फायदा घेऊन एकमेकांशी संपर्क ठेवतात. संशोधकांनीही तोच मार्ग धरला.

टॅग बोलतो काय?

ध्वनी-टॅग म्हणजे बंद नळीसारखी छोटी वस्तू. आत बॅटरी आणि आवाज काढणारा भाग. सर्वाधिक वापरले जाणारे टॅग ६९ किलोहर्ट्झवर ‘बोलतात’. माणसाच्या कानाची मर्यादा २० किलोहर्ट्झच्या आसपास आहे, त्यामुळे असा टॅग लावलेला मासा हातात धरला तरी आपल्याला काही ऐकू येत नाही.

टॅग काही सेकंदांत लागोपाठ अनेक ठोके देतो. दोन ठोक्यांमधल्या अंतरात त्या टॅगचा क्रमांक दडलेला असतो. बारकोडमध्ये रेषांमधल्या अंतराला अर्थ असतो, तसंच हे. त्यामुळे ‘इथून एक मासा गेला’ एवढंच कळत नाही, तर ‘अमुक क्रमांकाचा मासा गेला’ हे कळतं. काही टॅग सोबत पाण्याची खोली आणि तापमानही सांगतात.

एक संदेश संपला की टॅग काही काळ गप्प बसतो. हा काळ मुद्दाम कमीजास्त ठेवलेला असतो, समजा ६० ते १८० सेकंदांच्या दरम्यान कितीही. कारण सोपं आहे. एका खडकापाशी दहा टॅगवाले मासे जमले आणि सगळे एकाच तालात बोलू लागले, तर ठोके एकमेकांत मिसळून कोणाचाच क्रमांक वाचता येणार नाही. कधी कधी तर असे मिसळलेले ठोके जोडून भलताच क्रमांक तयार होतो, म्हणजे त्या समुद्रात नसलेला मासा यंत्राच्या वहीत उमटतो! म्हणून एकटी-दुकटी नोंद संशोधक सहसा धरत नाहीत. थोड्या वेळात तोच क्रमांक पुन्हा ऐकू आला, तरच तिच्यावर विश्वास ठेवतात.

टॅग माशाच्या पोटात बसवतात. माशाला भूल देऊन पोटावर लहानशी चीर घ्यायची, टॅग आत सरकवायचा, एक-दोन टाके घालायचे, मासा शुद्धीवर आला की सोडून द्यायचा. शार्कच्या अनेक जातींना उलटं केलं की त्या काही वेळ स्तब्ध होतात, तेव्हा भुलेची गरजही पडत नाही. टॅगचं वजन माशाच्या वजनाच्या २ टक्क्यांहून जास्त नसावं, असा एक जुना अंदाजपंचे नियम आहे. याचाच अर्थ, मासा जितका लहान तितकी बॅटरी लहान आणि अभ्यासाचा काळ कमी. मोठ्या माशातला टॅग मात्र दहा वर्षांपर्यंतही बोलत राहू शकतो.

आता ऐकणारा हवा. तो असतो रिसीव्हर. हातभर लांबीची ही नळी नांगर किंवा वजन लावून समुद्रतळाजवळ उभी करतात. ती काही शे मीटरच्या टप्प्यातलं ऐकते आणि क्रमांक व वेळ टिपून ठेवते. साधे रिसीव्हर माहिती किनाऱ्यावर पाठवत नाहीत. वर्षभराने बोट घेऊन जायचं, पाणबुड्याने तो वर आणायचा, तेव्हा कुठे वर्षभरात कोण येऊन गेलं ते कळतं. मधल्या काळात एखादं ट्रॉल जाळं त्याला ओढून घेऊन गेलं, तर माहितीही गेली.

हिरव्या स्टर्जनचा हिवाळा

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर हिरवा स्टर्जन नावाचा मासा आहे. अंगावर हाडांच्या ढालींच्या रांगा, सोंडेसारखं नाक, दोन मीटरपर्यंत लांबी. हा गोड्या पाण्यात अंडी घालतो, पण आयुष्याचा बराच काळ समुद्रात काढतो. वयात यायलाच साधारण पंधरा वर्षं लागतात आणि त्यानंतरही मादी दरवर्षी अंडी घालत नाही. अशी जात एकदा घटली की लवकर भरून येत नाही.

याची दक्षिणेकडची शाखा फक्त कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो नदीच्या खोऱ्यात वीण करते. धरणांमुळे तिच्या विणीच्या जागा आटल्या होत्या. २००६ मध्ये अमेरिकेने ही शाखा कायद्याने ‘धोक्यात’ असल्याचं जाहीर केलं. नदीत काय वाचवायचं, याची थोडीफार कल्पना होती. पण समुद्रात काय वाचवायचं? तिथे हा मासा नेमका कुठे जातो, हे तोवर नीट कुणी पाहिलेलं नव्हतं.

२१३ हिरव्या स्टर्जनना ध्वनी-टॅग लावण्यात आले. अलास्काच्या आग्नेय टोकापासून कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरे उपसागरापर्यंत किनाऱ्यालगत रिसीव्हरच्या रांगा होत्या. त्यातल्या काही रांगा मुळात सॅमनच्या पिल्लांसाठी टाकलेल्या, पण रिसीव्हर मासा बघून ऐकत नाही. समोरून जाणाऱ्या स्टर्जनचेही क्रमांक त्यांनी टिपले.

२००८ मध्ये आलेल्या निष्कर्षांतून जे दिसलं ते असं: शरद ऋतूत हे मासे अमेरिकेच्या किनाऱ्याने उत्तरेला जातात, सीमा ओलांडून कॅनडात शिरतात आणि वसंतात परत फिरतात. परतीच्या प्रवासात त्यांचा वेग दिवसाला ५० किलोमीटरच्याही वर गेलेला आढळला. व्हँकुव्हर बेटाच्या वायव्येला ब्रुक्स द्वीपकल्पापाशी मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्यांची मोठी गर्दी होत होती. सॅन फ्रान्सिस्कोपासून ही जागा हजार किलोमीटरहून लांब आहे. उन्हाळ्यात तर सॅक्रामेंटोचे मासे ओरेगॉन-वॉशिंग्टनच्या खाडीमुखांत, म्हणजे कोलंबिया नदीच्या मुखाशी, विलापा बे आणि ग्रेज हार्बरमध्ये, दुसऱ्या नद्यांच्या हिरव्या स्टर्जनमध्ये मिसळून राहत असल्याचं समोर आलं.

ही केवळ भूगोलाची गंमत नव्हती. धोक्यातला मासा कॅलिफोर्नियाचा, पण तो वॉशिंग्टनच्या मच्छीमाराच्या जाळ्यात सापडू शकतो आणि वर्षातला काही काळ कॅनडाच्या पाण्यात असतो. दिसायला दोन्ही शाखा सारख्याच. एका राज्याने आपली नदी सांभाळून भागणार नव्हतं. २००९ मध्ये अमेरिकेने या माशासाठी महत्त्वाचा अधिवास ठरवला, तेव्हा त्यात नद्या आणि खाड्यांबरोबर मॉन्टेरे उपसागरापासून वॉशिंग्टन राज्याच्या वायव्य टोकापर्यंतचा, सुमारे ११० मीटर खोलीपर्यंतचा किनारी समुद्रही घेण्यात आला.

नदीतली गोष्टही टॅगनेच स्पष्ट केली. सॅक्रामेंटोवर रेड ब्लफ इथे पाणी वळवणारा बंधारा होता. त्याचे दरवाजे दरवर्षी काही महिने बंद होत आणि वर निघालेले काही टॅगवाले स्टर्जन खालीच अडकलेले आढळत. सॅमनची अडचण तर आधीपासूनच माहीत होती. शेवटी तिथे पाणी उचलण्यासाठी माशांना अडवणाऱ्या जाळ्यांसह पंपांची व्यवस्था झाली आणि २०१२ पासून दरवाजे बंद करण्याची गरज संपली.

एकाचा मासा, दुसऱ्याचा रिसीव्हर

स्टर्जनच्या अभ्यासात दिसतं की हे काम एकट्यादुकट्या प्रयोगशाळेचं नाही. तुम्ही टॅग लावलेला मासा शेजारच्या देशातल्या, दुसऱ्याच कामासाठी टाकलेल्या रिसीव्हरजवळून जातो. ती नोंद तुमच्यापर्यंत पोहोचली नाही, तर तिचा उपयोग शून्य. म्हणून कॅनडात हॅलिफॅक्सच्या डलहौसी विद्यापीठात २००८ मध्ये ‘ओशन ट्रॅकिंग नेटवर्क’ उभं राहिलं. ऑस्ट्रेलियातही सरकारी मदतीने असंच राष्ट्रीय जाळं चालतं. शार्क, सॅमन, कॉड, ईल अशा कितीतरी जातींचे क्रमांक एकाच जाळ्यात जमा होतात, तेव्हा एकाच खाडीमुखाशी कोण कोणत्या महिन्यात येतं, कोण कोणाच्या मागे येतं, हे दिसू लागतं. जैवविविधतेच्या अभ्यासात जातींची यादी पूर्वीही होती. आता त्या यादीला वेळापत्रक जोडलं जातंय.

अर्थात, ऐकणारे सगळेच संशोधक नसतात. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात १० करड्या सीलवर प्रयोग झाला. अनेक खोक्यांपैकी टॅग असलेला मासा ठेवलेलं खोकं शोधायला ते टॅगच्या आवाजाचाच आधार घेऊ लागले. म्हणजे अभ्यासासाठी लावलेला टॅग शिकाऱ्यासाठी जेवणाची घंटा ठरू शकतो. आपल्या हिलशाच्या नात्यातला अमेरिकन शॅडही असे उच्च आवाज ऐकू शकतो. म्हणून आता काही टॅग ६९ऐवजी आणखी वरच्या पट्टीत बोलतात.

माणसाच्या हातात ही माहिती काय करते, तेही बघण्यासारखं आहे. २०१३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात ३००हून अधिक टॅगवाल्या शार्कपैकी एखादा पोहण्याच्या किनाऱ्याजवळ आला, की ट्विटरवर सूचना पडायची सोय झाली. पोहणाऱ्यांना ती उपयोगी होती. पण हीच माहिती शार्क शोधून मारायलाही वापरता येईल, ही काळजीही तितकीच खरी होती. दुर्मीळ माशांचे ताजे ठावठिकाणे त्यामुळे अनेकदा उघड केले जात नाहीत.

शांततेचा अर्थ

या तंत्रातला सगळ्यात अवघड भाग आवाज ऐकणं नाही. आवाज आला नाही तर काय समजायचं, हे ठरवणं अवघड आहे.

रिसीव्हर गप्प आहे, म्हणजे मासा निघून गेला? की वादळामुळे पाणी इतकं खवळलं होतं की काही ऐकूच आलं नाही? प्रवाळाच्या परिसरात नांगी आपटून कडकड आवाज करणाऱ्या छोट्या कोळंब्या असतात. त्यांचा गोंगाट दिवस-रात्रीनुसार कमीजास्त होतो. मासा जागचा हललेला नसतानाही नोंदी कमी होतात आणि ‘मासा रात्री बाहेर जातो’ असा सपशेल चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. यावर उपाय म्हणून काही ठिकाणी रिसीव्हरपासून ठराविक अंतरावर एक टॅग तळाशी बांधूनच ठेवतात. त्या न हलणाऱ्या टॅगचाही आवाज कमी झाला, तर दोष पाण्याचा असल्याचं कळतं.

उलटा गोंधळही होतो. मासा शिकाऱ्याने गिळला, तरी टॅग त्याच्या पोटातून बोलत राहतो आणि संशोधकाला वाटतं आपला मासा अचानक फार जोरात पोहायला लागला. यासाठी काही टॅगवर असं आवरण देतात की ते जठरातल्या आम्लात विरघळतं आणि टॅगचा क्रमांक बदलतो.

कधी मात्र शांतताच पुरावा ठरते. मालदीवच्या दक्षिणेला, हिंदी महासागरात चागोस द्वीपसमूह आहे. २०१० मध्ये ब्रिटनने त्याभोवती प्रचंड मोठं सागरी संरक्षित क्षेत्र जाहीर केलं आणि तिथे व्यावसायिक मासेमारी बंद केली. संशोधकांनी तिथल्या प्रवाळ-शार्कना टॅग लावले होते. डिसेंबर २०१४ मध्ये दहा दिवसांच्या आत १५ शार्कचे टॅग गप्प झाले. रिसीव्हर चालू होते, बाकीच्या शार्कच्या नोंदी येत होत्या. त्याच सुमारास त्या भागात बेकायदा शार्क पकडणाऱ्यांच्या हालचालींची नोंद होती. रिसीव्हर वर काढून माहिती वाचली जाईपर्यंत ते शार्क केव्हाच गेलेले होते. २०१९ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध करताना संशोधकांनी ‘संभाव्य’ हा शब्द सोडला नाही.