श्रमिकांचा थकवा व कामावरील सुरक्षितता : पुण्यातील दोन संस्थांच्या वारशाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

कारखान्यातील अपघाताची चर्चा बहुधा यंत्राच्या दोषापासून सुरू होते. यंत्र चालविणारा कामगार त्या वेळी किती तास उभा होता, हा प्रश्न नंतर येतो. भारतातील कामगार कायद्यांचा प्रारंभही याच पद्धतीने झाला. थकवा आणि अपघात हे एकाच प्रश्नाचे दोन भाग आहेत, ही जाणीव कायद्याच्या आधी कामगारांच्या मागण्यांत व्यक्त झाली. ही जाणीव मांडणाऱ्या व पुढे नेणाऱ्या दोन प्रमुख व्यक्तींचे वैचारिक नाते पुण्यात स्थापन झालेल्या दोन संस्थांशी होते. प्रस्तुत लेखात या वारशाचा आढावा घेतला आहे.

1881 चा कायदा व त्याची मर्यादा :

भारतातील पहिला कारखाना कायदा 1881 मध्ये झाला. यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या व 100 किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना तो लागू होता. त्याने धोकादायक यंत्रांना कुंपण घालण्याची तरतूद केली. 7 ते 12 वर्षे वयाच्या मुलांचे काम दिवसाला 9 तासांवर मर्यादित केले. प्रौढ स्त्री-पुरुषांच्या कामाच्या तासांबाबत मात्र हा कायदा मौन बाळगून होता. मुंबईच्या गिरण्यांत त्या काळी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम चाले; साहजिकच उन्हाळ्यात कामाचा दिवस अधिकच लांबत असे. यंत्राभोवती कुंपण आले, परंतु त्याच्यासमोर दिवसभर उभ्या असलेल्या प्रौढ कामगाराच्या श्रमाला मर्यादा आली नाही.

सत्यशोधक परंपरा व नारायण मेघाजी लोखंडे :

महात्मा जोतीराव फुले यांनी 24 सप्टेंबर 1873 रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली. या चळवळीचे मुखपत्र ठरलेले 'दीनबंधु' हे पत्र कृष्णराव भालेकर यांनी 1877 मध्ये पुण्यातच सुरू केले. 1880 पासून ते मुंबईत लोखंडे यांच्या संपादकत्वाखाली निघू लागले. शेतकऱ्यांची दुःखे मांडणारे हे पत्र आता गिरणी कामगारांचीही बाजू मांडू लागले.

सप्टेंबर 1884 मध्ये परळ येथे कामगारांच्या सभा झाल्या आणि सुमारे 5,500 कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. त्यातील मागण्या बारकाईने पाहण्यासारख्या आहेत. रविवारी साप्ताहिक सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढाच कामाचा दिवस व वेतन वेळेवर मिळणे या मागण्यांच्या जोडीनेच आणखी एक मागणी होती. कामावर जखमी झालेल्या कामगारास बरे होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे आणि कायमचे अपंगत्व आल्यास त्याच्या उदरनिर्वाहाची सोय व्हावी, अशी ती होती. विश्रांती आणि अपघात हे विषय एकाच कागदावर शेजारी शेजारी आले, हे या निवेदनाचे खरे महत्त्व होय.

24 एप्रिल 1890 रोजी मुंबईत भरलेल्या सभेस सुमारे 10,000 कामगार उपस्थित होते. त्या सभेत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. 1891 च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टी व दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती यांना वैधानिक आधार मिळाला. स्त्रियांचे कामही 11 तासांवर मर्यादित झाले. प्रौढ पुरुषांचे तास मात्र मोकळेच राहिले. 1905 च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले, तेव्हा सूर्यास्ताची नैसर्गिक मर्यादाही उरली नाही. कापड गिरण्यांतील पुरुषांसाठी 12 तासांची मर्यादा येण्यास 1911 साल उजाडावे लागले.

भारत सेवक समाज व ना. म. जोशी :

गोपाळ कृष्ण गोखले यांनी 12 जून 1905 रोजी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. नारायण मल्हार जोशी हे या संस्थेचे सदस्य होते. 1919 मध्ये वॉशिंग्टन येथे भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेस ते भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून उपस्थित राहिले. त्या परिषदेने 8 तासांच्या दिवसाचे तत्त्व स्वीकारले. भारतासाठी मात्र आठवड्याला 60 तासांची वेगळी मर्यादा ठरली. तिला अनुसरून 1922 च्या कायद्याने दिवसाला 11 व आठवड्याला 60 तास निश्चित केले. पुढच्याच वर्षी कामगार नुकसानभरपाई कायदा संमत झाला. 1884 च्या निवेदनातील अपघातविषयक मागणीला जवळजवळ चार दशकांनी, तेही अंशतः, उत्तर मिळाले.

1948 चा कायदा व पुण्याचे औद्योगिकीकरण :

1934 मध्ये आठवड्याची मर्यादा 54 तासांवर आली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मध्यवर्ती सरकारात मजूर खात्याचे सदस्य असताना, 1946 मध्ये, ती 48 तासांवर आली. 1948 च्या कारखाना कायद्याने दिवसाला 9 तास, सलग 5 तासांच्या आत अर्धा तास विश्रांती, साप्ताहिक सुट्टी व जादा कामास दुप्पट वेतन या तरतुदी यंत्रसुरक्षेच्या प्रकरणासह एकाच कायद्यात आणल्या. पुण्यात खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 पासून होता. परंतु पिंपरी-चिंचवडचा औद्योगिक पट्टा मुख्यतः 1950 नंतर, म्हणजे या कायद्याच्या छायेत वाढला. त्यामुळे तेथील कामगाराला ही मर्यादा आयती मिळाली, आणि तिच्यामागील सहा दशकांचा संघर्ष सहज विस्मृतीत गेला.

निष्कर्ष :

1) थकवा हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे, हे कामगारांनी 1884 मध्येच मांडले, कायद्याने ते टप्प्याटप्प्याने स्वीकारले.

2) या प्रक्रियेत सत्यशोधक समाज व भारत सेवक समाज या भिन्न विचारांच्या पुणेरी संस्थांशी संबंधित व्यक्तींचे कार्य परस्परपूरक ठरले.

3) सप्टेंबर 2025 मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनिक मर्यादा 9 वरून 12 तासांपर्यंत व तिमाहीतील जादा काम 115 वरून 144 तासांपर्यंत वाढविण्यास मान्यता दिली. 21 नोव्हेंबर 2025 पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, 2020 लागू होऊन तिने 1948 च्या कायद्याची जागा घेतली. आठवड्याचे 48 तास कायम असले, तरी थकवा आठवड्याच्या सरासरीने येत नाही. तो त्या त्या दिवशीच्या शेवटच्या तासांत साचतो. जादा कामास कामगाराची लेखी संमती आवश्यक ठेवली आहे. नोकरी टिकविण्याच्या चिंतेत असलेला कामगार ती संमती कितपत मोकळेपणाने देऊ शकेल, यावरच या बदलाचे मूल्यमापन करावे लागेल.