खुर्ची आणि बटण

अमेरिकेतल्या आपल्या घरी बाथरूममध्ये, स्वयंपाकघरात आउटलेटवर दोन छोटी बटणे असतात. एक 'टेस्ट', दुसरे 'रिसेट'. हेअर ड्रायर मध्येच बंद पडला की आपण वैतागून 'रिसेट' दाबतो. पण या बटणामागे ऐंशी वर्षांचा इतिहास आहे, आणि त्याची सुरुवात एका अपघातापासून होते.

१८८१ साली न्यूयॉर्क राज्यातील बफलो शहरात दारूच्या नशेतल्या एका माणसाने जनरेटरला हात लावला आणि तो जागच्या जागी गेला. तिथले दंतवैद्य आल्फ्रेड साउथविक यांना वाटले, फाशीपेक्षा हे मरण किती सुखाचे! त्यांनी या कल्पनेचा पाठपुरावा केला आणि १८८८ मध्ये न्यूयॉर्कने विजेने देहदंड देण्याचा कायदा केला. तेव्हा एडिसन यांची डीसी आणि वेस्टिंगहाऊस यांची एसी वीज यांत चुरस चालू होती. एसी घातक आहे हे लोकांच्या मनावर ठसावे म्हणून एडिसन यांच्या बाजूने खुर्चीसाठी एसीचीच शिफारस झाली.

६ ऑगस्ट १८९० रोजी ऑबर्नच्या तुरुंगात विल्यम केमलर या खुन्याला खुर्चीत बसवले. साउथविक स्वतः हजर होते. सतरा सेकंद प्रवाह सोडला, डॉक्टरांनी मृत्यू झाल्याचे सांगितले, आणि केमलरचा श्वास पुन्हा चालू झाला! दुसऱ्यांदा अधिक दाबाचा प्रवाह सोडावा लागला. पाहणाऱ्यांना ते पाहवेना. तरीही ही खुर्ची इतर राज्यांत पसरली. न्यूयॉर्कमध्ये ती शेवटची वापरली गेली १९६३ साली.

विजेचा धक्का किती जीवघेणा ठरेल हे प्रवाह किती, तो शरीरातून कोणत्या वाटेने आणि किती वेळ गेला यावर ठरते. बर्कलेचे प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल यांनी याचा अभ्यास केला, पण माणूस वाचावा म्हणून. किती प्रवाहापर्यंत माणसाला हातातली तार सोडता येते, हे त्यांनी स्वयंसेवकांच्या मदतीने मोजले. १९६१ मध्ये त्यांनी बटणामागचे उपकरण तयार केले. जाणारा आणि परत येणारा प्रवाह यांत सुमारे पाच मिलिअँपिअरचा फरक पडला, की ते डोळ्याचे पाते लवण्याआधी वीज तोडते.

तेव्हा मंडळी, महिन्यातून एकदा ते 'टेस्ट' बटण दाबून पाहा. वीज गेली तर निश्चिंत राहा; नाही गेली तर आजच इलेक्ट्रिशियनला बोलवा.