घरचा वकील

पुण्याहून साताऱ्याकडे जाणारा रस्ता कापूरहोळला पोंचला कीं त्याला फांटे फुटतात. एका अंगाला नारायणपूर व सासवड, दुसऱ्या अंगाला भोर. संभाजीराजांना पाजणारी धाराऊ याच कापूरहोळच्या गाडे घराण्यांतली, एवढ्यावरूनच पुष्कळांना हें गांव ठाऊक असतें. भोरचा फांटा मात्र दुसऱ्या एका घराण्याच्या इतिहासाकडे नेतो. पंत सचिवांचें संस्थान ८ मार्च १९४८ रोजीं मुंबई प्रांतांत विलीन होईपर्यंत तेथें नांदत होतें. मोठ्या कंपनीच्या कचेरींत पगारावर बसलेल्या कायदेपंडिताचा पेंच अलीकडे न्यायालयांत गाजला. त्या पेंचाचें जुनें रूप पाहावयाचें तर हाच फांटा धरावा.

शिवाजीमहाराजांच्या १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळीं सुरनीस या हुद्द्याला सचिव हें संस्कृत नांव मिळालें. तेव्हां त्या पदावर अण्णाजी दत्तो होते. सचिवाचें मुख्य काम दरबारांतून निघणारीं पत्रें तपासण्याचें. अक्षर अधिक पडलें असेल तर काढावें, उणें असेल तर भरावें, मजकूर शुद्ध झाला म्हणजे संमतीची खूण करावी, आणि मगच पत्र बाहेर जाऊं द्यावें. धन्याचें अन्न खाऊन धन्याचाच कागद अडवून धरण्याचा अधिकार ज्याला असतो, त्याची जागा कधींच सोपी नसते.

राजाराममहाराजांच्या काळीं हें पद शंकराजी नारायणांकडे आलें. भोर संस्थानाचे मूळपुरुष ते हेच. १७०७ सालीं शाहूमहाराज मोगलांच्या कैदेंतून सुटून स्वराज्यांत आले, तेव्हां शंकराजी ताराबाईंच्या पक्षाशीं शपथेनें बांधलेले होते. इकडे थोरल्या पातीचा वारस दाराशीं उभा. शपथ मोडावी कीं वारसावर शस्त्र धरावें, या कात्रींत सांपडलेल्या सचिवानें प्राणत्याग केला. भोरजवळ आंबवड्याला त्यांची समाधि आहे. शाहूमहाराजांनीं मनांत आकस धरला नाहीं. शंकराजींचा लहानगा मुलगा नारो शंकर यालाच त्यांनीं सचिव केलें.

सचिव म्हणजे कांहीं वकील नव्हे, असें कोणी म्हणेल. परंतु त्या काळीं वकील तरी कोण होता? १६५९ सालीं अफझलखानाच्या छावणींत महाराजांचे वकील म्हणून पंताजी गोपीनाथ गेले. वकील म्हणजे एका धन्याचा माणूस, त्याच्याच पगारावर राहून त्याच्या वतीनें बोलणारा. पगार घेतो तो वकीलच नव्हे, हें विधान पेशव्यांच्या दरबारांत कोणी केलें असतें, तर तें विनोदांत जमा झालें असतें.

हा अर्थ इंग्रजी अमलांत पालटला. वकील आतां सनदेचा झाला. तो आज एकाची, उद्यां दुसऱ्याची बाजू मांडूं लागला. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें त्याच्या पदरांत एक मोठी ठेव टाकली. बॅरिस्टर, अॅटर्नी, प्लीडर किंवा वकील यांच्याशीं पक्षकार विश्वासानें जें बोलेल, तें पक्षकाराच्या संमतीवांचून उघड करतां येत नसे. हें संरक्षण वकिलाचें नव्हे, पक्षकाराचें. आणि गुन्ह्याचा बेत रचण्यासाठीं केलेल्या बोलण्याला तें लागू नव्हतें.

पुढें कायद्यांची गर्दी झाली. १९५६ चा कंपनी कायदा, १९९२ मध्यें वैधानिक अधिकार मिळालेली 'सेबी', २००२ चा स्पर्धा कायदा, २०१३ चा नवा कंपनी कायदा. दर वेळीं बाहेरच्या सॉलिसिटरकडे धांवणें परवडेना, म्हणून कंपन्यांनीं कायद्याचीं माणसें घरांतच ठेवलीं. पण १९६१ च्या अधिवक्ता कायद्याखालीं बार कौन्सिलनें केलेला ४९ वा नियम सांगतो कीं, पूर्ण वेळ पगारी नोकर असलेल्यानें वकिली करूं नये. हिमाचल प्रदेशच्या वीज मंडळांतील एका विधि अधिकाऱ्याची सनद या नियमावर टिकली नाहीं. २००१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तसा निकाल दिला.

मुंबई उच्च न्यायालयाची दृष्टि आधीं उदार होती. मुंबई महानगरपालिका आणि विजय मेटल वर्क्स यांच्या वादाचा, १९८२ च्या निकालसंग्रहांत छापलेला, निर्णय म्हणतो कीं, पगारी सल्लागारानें मालकाला विश्वासानें दिलेल्या कायदेशीर सल्ल्यालाही तेंच संरक्षण आहे. युरोपच्या न्यायालयानें मात्र २०१० सालीं 'अक्झो नोबेल' या कंपनीच्या प्रकरणांत, स्पर्धा कायद्याच्या चौकशीपुरतें, याच्या उलट ठरविलें.

आतां भारतांतही कांटा तिकडेच झुकला आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आणि जुन्या कायद्यांतल्या चार नांवांच्या जागीं 'अॅडव्होकेट' हें एकच नांव आलें. सल्ला देणाऱ्या वकिलांना तपासयंत्रणा समन्स पाठवूं लागल्या, तेव्हां सर्वोच्च न्यायालयानें २०२५ सालीं हा विषय आपण होऊन हातीं घेतला. अमरावतीचे सुपुत्र सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालीं तीन न्यायमूर्तींच्या पीठानें ३१ ऑक्टोबर २०२५ रोजीं सनदी वकिलांना भक्कम आधार दिला. घरच्या वकिलाला मात्र कलम १३२ चें संरक्षण नाहीं, असें ठरलें. कंपनीच्या बाहेरच्या वकिलाशीं तो जें बोलेल, त्याला कलम १३४ चा आडोसा मिळतो. मालकाशीं बोलेल त्याला नाहीं.

पगारानें माणूस बांधला जातो, हें न्यायालयाचें म्हणणें खोटें नाहीं. शंकराजींच्या समाधीपाशीं तें कोणालाही पटेल. तरी एक अडचण उरतेच. कापूरहोळच्या पुढें नीरा ओलांडली कीं शिरवळचे कारखाने लागतात. समजा, तेथल्या एखाद्या व्यवस्थापकानें कचेरींतल्या कायदेपंडिताला विचारलें, "हें सांडपाणी असें सोडलें तर नियमांत बसतें का?" त्यानें प्रामाणिकपणें 'नाहीं' असें लिहून दिलें, तर तोच कागद उद्यां कंपनीविरुद्ध पुरावा म्हणून मागितला जाऊं शकतो. मग शहाणा व्यवस्थापक लेखी विचारीलच कशाला? आणि तोंडी दिलेला इशारा वरच्या साहेबांपर्यंत पोंचला कीं नाहीं, हें पुढें कोण सांगणार? कायदा ज्याच्याकडून पहाऱ्याची अपेक्षा करतो, त्याच्याच हांकेला तो असा उघड्यावर सोडतो.

नाजूक प्रश्न निघाला कीं बाहेरच्या सनदी वकिलाकडे जाणें, एवढाच मार्ग तूर्त मोकळा आहे. तो वकील बहुधा आपल्या टेबलावरून त्याच घरच्या माणसाला फोन करून कारखान्याची सगळी माहिती विचारून घेतो. आणि त्या घरच्या माणसानें नोकरी सोडून, बार कौन्सिलकडे अर्ज करून, आपली स्थगित सनद पुन्हां चालू करून घेतली, तर त्या दिवसापासून त्याच कंपनीला त्यानें दिलेला तोच सल्ला गुपित ठरतो.