खिलजीची स्वस्ताई

इ. स. १३०३ मध्यें मोंगलांनीं दिल्लीला वेढा घातला. तो उठल्यावर अल्लाउद्दीन खिलजीनें प्रचंड खडें सैन्य उभारिलें. थोड्या पगारांत शिपायाचा संसार चालावयाचा, तर धान्य स्वस्त हवें, हा त्याचा हिशेब. इतिहासकार झियाउद्दीन बरनीनें ठरलेले दर नोंदविले आहेत: गहूं मणास साडेसात जितल, तांदूळ पांच, जव चार. तो मण इंग्रजी अमदानींतील मणाहून बराच लहान होता.

केवळ हुकुमानें भाव उतरत नाहींत, हें सुलतान जाणून होता. दुआबांतील सारा धान्यरूपानें घेऊन त्यानें सरकारी कोठारें भरलीं, व्यापाऱ्यांना कुटुंबांसह यमुनाकांठीं वसविलें, आणि मंडीवर मलिक कबूल हा अधिकारी नेमिला. अवर्षणांतहि दिल्लींत भाव चढले नाहींत, असें बरनी सांगतो.

परंतु हें सुख कोणाच्या पदरचें? शेतकऱ्याचें अर्धें उत्पन्न साऱ्यांत जाई. उरलेलें धान्य सांठविण्यास मनाई. व्यापाऱ्यांना तें शेतावरच ठरलेल्या दरानें द्यावें लागे. कमी पिकाच्या वर्षीं चढ्या भावाचा आधारहि त्याला उरला नाहीं.

१३१६ सालीं सुलतान वारला. पुत्र कुतुबुद्दीन मुबारकाच्या कारकीर्दींत निर्बंध सुटले व भाव पुन्हां चढले. धाकावर उभारलेली स्वस्ताई धाकाबरोबरच संपली. दिल्लीकराच्या ताटांतील अन्नाचा उरलेला दाम तोंवर दुआबांतील शेतकरी भरीत आला होता.