मेसा वर्देचे लोक 'लुप्त' झाले नव्हते

"गूढरीत्या लुप्त झालेली संस्कृती." अमेरिकेतल्या मेसा वर्देबद्दल कुठलाही व्हिडिओ लावा, हेच ऐकू येतं. गेल्या महिन्यात दिवसभरासाठी तिथे जाऊन आलो, म्हणून या 'लुप्त' शब्दावर थोडं लिहितोय.

कोलोरॅडोच्या नैऋत्य कोपऱ्यात, दुरँगो गावापासून गाडीने तासाभरावर हे राष्ट्रीय उद्यान आहे. गेटपासून पुढे पुन्हा पाऊण तास वळणांचा घाट. 'क्लिफ पॅलेस' वरून दिसतो, पण आत जायचं तर तिकीट काढून रेंजरबरोबरच. दगडी पायऱ्या उतरायच्या, येताना शिड्या चढायच्या. कड्याच्या प्रचंड कपारीत वालुकाश्माच्या चिऱ्यांच्या सुमारे १५० खोल्या आणि २३ 'किवा', म्हणजे जमिनीत खोदलेल्या गोल खोल्या, विधी आणि बैठकीसाठी. शेती वर पठारावर: मका, घेवडा, भोपळा.

इथलं बहुतेक बांधकाम साधारण ११९० ते १२८० मधलं. तुळयांच्या लाकडातली वर्तुळं मोजून हे ठरवता येतं. त्याच वर्तुळांवरून कळतं की १२७६ पासून वीसेक वर्षं मोठा दुष्काळ पडला. त्यात लोकसंख्येचा ताण, आपसातल्या मारामाऱ्या. १३००च्या सुमारास कडे रिकामे झाले.

पण माणसं गेली कुठे? दक्षिणेला, आजच्या न्यू मेक्सिको आणि ॲरिझोनात. होपी, झुनी, आकोमा आणि रिओ ग्रांदे काठचे प्यूब्लो हे त्यांचेच वंशज. त्यांच्या गावांत किवा आजही वापरात आहेत. दुष्काळात गाव सोडलेल्या माणसाला आपण 'लुप्त' म्हणतो का?

या शब्दाची किंमत मोजावी लागली. १८८८च्या डिसेंबरात रिचर्ड वेदरिल आणि चार्ली मेसन या गुराख्यांना क्लिफ पॅलेस 'सापडला'. तिथल्या यूट लोकांना तो आधीच माहीत होता. १८९१मध्ये गुस्ताफ नॉर्डेन्स्कियोल्ड हा स्वीडिश तरुण आला, पद्धतशीर उत्खनन केलं आणि सगळं पेट्यांत भरून निघाला. दुरँगोत त्याला अटक झाली, पण असं नेणं गुन्हा ठरवणारा कायदाच नव्हता, म्हणून सोडावं लागलं. वस्तू, आणि थडग्यांतली माणसंसुद्धा, शेवटी फिनलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात पोहोचली.

कायदा आला १९०६च्या जूनमध्ये. त्याच महिन्यात मेसा वर्दे राष्ट्रीय उद्यान झालं. पण नेलेलं परत यायला आणखी शंभरावर वर्षं गेली. २०२०मध्ये फिनलंडने २० जणांचे अवशेष आणि त्यांच्यासोबत पुरलेल्या २८ वस्तू परत दिल्या. होपी, झुनी, आकोमा आणि झिया यांनी त्यासाठी पाठपुरावा केला होता. अवशेष मेसा वर्देतच पुन्हा पुरले गेले. संग्रहातल्या बाकीच्या वस्तू फिनलंडमध्येच आहेत.

मागे कोणी उरलं नाही असं एकदा ठरवलं, की उचलून न्यायला कुणाची परवानगी लागत नाही. वारसदार समोर उभे राहिले, तेव्हाच मढी घरी आली.

तिकडे जाणार असाल तर एक लक्षात ठेवा. जुन्या पुस्तकांतलं 'अनासाझी' हे नाव नावाहो भाषेतलं, अर्थ साधारण 'जुने शत्रू'. प्यूब्लो लोकांना ते आवडत नाही. 'प्यूब्लोंचे पूर्वज' म्हणा. सरळ आहे आणि खरंही आहे.