श्यामची आई पडद्यावर आली तेव्हा

आमच्या आईने आयुष्यात एकच सिनेमा पाहिला, तो 'श्यामची आई'. 1953 सालच्या मार्चमध्ये हे चित्र प्रदर्शित झाले. आमच्या तालुक्याच्या गावी, तंबूतल्या टॉकीजमध्ये, ते पुढल्या थंडीत पोचले. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो.

पुस्तक आमच्या घरी आधीच होते. साने गुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात लिहिले. 1933 च्या 9 फेब्रुवारीस आरंभ केला आणि 13 तारखेच्या पहाटे संपवले. उणेपुरे पाच दिवस! आई जाऊन तेव्हा पंधरा-सोळा वर्षे लोटली होती. 1935 साली पुस्तक छापून निघाले. श्याम आश्रमातल्या सोबत्यांना बेचाळीस रात्री आपल्या आईच्या गोष्टी सांगतो, एवढीच त्याची मांडणी.

सिनेमा काढला आचार्य अत्र्यांनी, ह्याचे मला अजून कौतुक वाटते. ज्या 1933 साली गुरुजी कोठडीत आईला आठवत होते, त्याच साली अत्र्यांचे 'साष्टांग नमस्कार' रंगभूमीवर येऊन लोकांना पोट धरून हसवत होते. असा विनोदी माणूस ह्या हळव्या पुस्तकाच्या वाटेला कशाला गेला? पण हसवणाऱ्यालाच रडे कुठे थांबवावे हे कळते. त्यांनी आईसाठी निवड केली ग्वाल्हेरच्या वनमालाबाईंची. 1941 च्या 'सिकंदर' मधली ही देखणी नायिका येथे कोकणातली साधी आई झाली. श्याम झाला माधव वझे. वसंत देसाईंच्या चालीवर आशा भोसल्यांनी म्हटलेले द्रौपदीच्या चिंधीचे गाणे अत्र्यांनी स्वतः लिहिले. हे सारे पाहायला गुरुजी मात्र नव्हते. ते 1950 च्या जूनमध्येच गेले होते.

1954 साली राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार प्रथमच दिले गेले, त्यात सर्वोत्कृष्ट चित्राचे राष्ट्रपतींचे सुवर्णपदक 'श्यामची आई'ने मिळवले. 'दो बिघा जमीन'ला त्याच वेळी गुणवत्तेचे प्रशस्तिपत्र मिळाले. ही दोन नावे शेजारी ठेवून पाहा. एक कोकणातले ब्राह्मण कुटुंब, एक उत्तरेकडचा शेतकरी. पण दोन्ही कथांच्या मुळाशी कर्जच आहे! आपल्याला आठवतो तो पायाला माती लागू नये म्हणून आईला ओचा पसरायला लावणारा श्याम. सावकाराच्या माणसाने दारात येऊन बोललेले शब्द आपण सोयीस्कर विसरतो. श्यामची आई आजाराने गेली खरी, पण त्याआधी अपमानाने खंगली होती.

तंबूत त्या रात्री बायकांचे पदर ओले झाले. आमची आई रडली नाही. परतताना कंदिलाच्या उजेडात वडिलांनी विचारले, "कसा वाटला?"

ती म्हणाली, "त्या बाईला दारात उभं राहून असं बोलायला नको होतं."

वडील पुढे काही बोलले नाहीत. कंदील तिच्या हातात होता. त्या हातात नुसत्या काचेच्या बांगड्या होत्या. गणपतीपासून तिच्या पाटल्या दिसत नव्हत्या, आणि माझी शाळेची फी मात्र वेळेवर भरली जात होती. हे दोन्ही मला तोवर ठाऊक होते; त्यांचा एकमेकांशी संबंध आहे हे त्या वाटेवर कळले.