मारलवाईचे हायमेनडॉर्फसाहेब

ज्याचा देश, भाषा व धर्म आपल्याहून सर्वस्वी भिन्न, असा एखादा पुरुष आपल्या समाजात घरच्या वडीलधाऱ्याचे स्थान पावतो, असे क्वचितच घडते. आपल्या गोंड समाजाच्या बाबतीत ते घडले. मानववंशशास्त्राचे प्राध्यापक व छायाचित्रकार ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ ११ जून १९९५ रोजी लंडन येथे निवर्तले. त्यास आता तीन दशके लोटली. तथापि आदिलाबादच्या डोंगरांत त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. तरुण पिढीस त्यांची ओळख व्हावी, म्हणून हा अल्पसा लेख.

साहेबांचा जन्म १९०९ साली व्हिएन्ना येथे झाला. १९३६-३७ मध्ये नागा लोकांत राहून त्यांनी अभ्यासास आरंभ केला. १९३९ साली महायुद्ध पेटले. जवळ जर्मन पारपत्र असल्याने ते इंग्रज सरकारच्या लेखी शत्रुदेशीय ठरले व त्यांना निजामाच्या हैदराबाद संस्थानाच्या हद्दीत राहावे लागले. त्यांच्यावरील ही आपत्ती आपणांस मात्र हितकारक ठरली. चेंचू व कोंडा रेड्डी यांच्यात राहून झाल्यावर ते आदिलाबादेत आले. त्या काळी आपले किनवट व राजुरा हे तालुकेही आदिलाबाद जिल्ह्यातच होते. १९५६ साली ते त्यातून निघाले. यास्तव हा इतिहास आपलाही आहे.

राखीव जंगलाच्या नावाखाली गोंडांची शेते हिरावली जात होती. त्याविरुद्ध उठलेले वीर कोमराम भीम १९४० साली पोलिसांच्या गोळीबारात पडले. या असंतोषाचे मूळ शोधण्याचे काम सरकारने साहेबांकडे सोपविले. पत्नी बेटीबाईंसह ते मारलवाईत झोपडी बांधून राहिले. गोंड मुळात बंडखोर नसून त्याच्या पायाखालची जमीन गेली आहे, हे त्यांनी सरकारपुढे निर्भीडपणे मांडले. पुढे ते निजाम सरकारचे आदिवासीविषयक सल्लागार झाले आणि हजारो कुटुंबांच्या हाती जमिनीचे पट्टे आले. ज्या सरकारच्या गोळीने भीम पडले, त्याच सरकारचे ते अधिकारी होते, हे आम्ही विसरत नाही. परंतु भीमांनी प्राण देऊन मागितलेले थोडेतरी कागदावर उतरले, त्यात साहेबांचा वाटा मोठा होता. भीमांचे बलिदान नसते, तर साहेबांना पाठविण्याची बुद्धी सरकारास झालीच नसती, हेही तितकेच खरे.

१९४३ साली मारलवाईस शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले. गोंड तरुणच गोंड मुलांचे गुरुजी झाले आणि देवनागरी लिपीत गोंडी वाचनपुस्तके सिद्ध झाली. आमचे आयुष्य फळ्यापुढे गेले. घरची भाषा शाळेत ऐकू आली म्हणजे मुलाचे तोंड कसे उघडते, हे आम्ही पाहिले आहे. म्हणून साहेबांच्या सर्व कार्यांत हे कार्य आम्हांस श्रेष्ठ वाटते.

त्यांचा कॅमेरा सदैव सोबत असे. दंडारीतील मोरपिसांचे मुकुट ल्यालेले गुसाडी, पेनांची पूजा, नांगर धरलेले कुणबी, किंगरी वाजविणारे परधान, हे सर्व त्यांनी टिपले. त्यांचा आदिलाबादच्या राजगोंडांवरील ग्रंथ १९४८ साली निघाला. पुढे लंडन विद्यापीठाच्या पौर्वात्य विद्यालयात त्यांनी १९७६ पर्यंत अध्यापन केले. त्यांची छायाचित्रे व चित्रफिती त्याच संस्थेत जतन केलेल्या आहेत.

निवृत्तीनंतर ते पुन्हा आदिलाबादेत आले. पट्ट्याच्या कित्येक जमिनी बाहेरच्यांच्या हाती गेलेल्या पाहून ते व्यथित झाले. ही व्यथा १९८२ च्या त्यांच्या ग्रंथात स्पष्टपणे उमटली आहे.

बेटीबाई १९८७ साली हैदराबादेत वारल्या. त्यांची समाधी मारलवाईत आहे. साहेबांच्या अस्थीही २०१२ साली तेथेच आणून विसावल्या.

समाधीवर फूल वाहणे उचितच. परंतु आमचे मागणे थोडे अधिक आहे. त्या छायाचित्रांतील माणसे आपले आजे-पणजे होत. त्यांना ओळखणारे डोळे आता मोजकेच उरले आहेत. प्रत्येक गावच्या सुशिक्षित तरुणाने ही चित्रे मिळवून वृद्धांपुढे ठेवावीत व प्रत्येक चेहऱ्याचे नाव, गोत्र आणि गाव वहीत लिहून घ्यावे. साहेबांनी चेहरे राखले. नावे राखणे हे आपले कर्तव्य होय. तसेच घरातील पट्टाही एकदा काढून वाचावा आणि जमीन कोणाच्या ताब्यात आहे ते पाहावे. या थोर गुरूचे ऋण फेडण्याचा याहून सरळ मार्ग आम्हांस दिसत नाही.